नानांच्या छातीतलं मशीन रोज सकाळी वाजतं. झटका बंद करण्याबद्दल त्यांच्याशी बोलू कसं?

जेलरोडकर
मंगळवार, रात्री ११.५०

घरातले सगळे झोपलेत म्हणून आत्ता लिहितेय. लांबेल, सांभाळून घ्या.

माझे वडील, नाना, वय ७९. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छत्तीस वर्षं छपाईच्या मशीनवर होते. २०१७ मध्ये मोठा अटॅक आला, हृदयाचं पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलं आणि डॉक्टरांनी एआयसीडी बसवला. डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत काडेपेटीपेक्षा मोठा उंचवटा दिसतो. ठोके भलत्याच वेगाने धावायला लागले की आतून झटका देऊन त्यांना ताळ्यावर आणायचं, हे त्याचं काम. आठ वर्षांत ते त्याने चार वेळा केलं. पहिल्यांदा २०१९ मध्ये, मुक्तिधाम मंदिराच्या आवारात. त्या दिवशी मशीन नसतं तर नाना घरी आले नसते, त्यामुळे मशीनबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आता पंपिंग पंधरा. क्रिएटिनिन चारच्या वर, म्हणजे किडन्याही थकल्यात, आणि डायलिसिसला नानांनी स्वतः नाही म्हटलं. पोटात पाणी होतं, पाय घागरीसारखे सुजतात, पाण्याच्या गोळ्यांचा आता फारसा उपयोग होत नाही. यंदा पाच वेळा अ‍ॅडमिट झाले. शेवटच्या डिस्चार्जला डॉक्टर म्हणाले, "आता घरीच ठेवा, त्रास होऊ देऊ नका." छाती दाबायची नाही, व्हेंटिलेटर लावायचा नाही, अशा कागदावर आमच्या सह्याही घेतल्या. मशीनचं नाव त्यात कुठेच नाही.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी नऊला घरात बारीक आवाज यायला लागला. रोज, बरोबर नऊला. आईला वाटलं इन्व्हर्टर, तिने त्याची पिन काढून ठेवली. तिसऱ्या दिवशी मी नानांच्या बंडीची बटणं लावत होते आणि माझ्या बोटांखालीच वाजलं. मशीन बसवलं तिथे फोन केला तर म्हणाले, बॅटरी संपत आलीय, तीन महिन्यांत बदलून घ्या. म्हणजे पुन्हा अ‍ॅडमिट, पुन्हा चिरफाड, पुन्हा काही लाख. पुण्याचा भाऊ म्हणतो, लोन काढतो पण बदलूच.

आणि मला सारखा आठवतो तो गौरी जेवणाचा दिवस. घर भरलेलं, नाना पाटावर नाही पण खुर्चीवर बसलेले, पानात पुरणपोळी. पहिला झटका बसला तेव्हा तुपाची वाटी भिंतीवर गेली. नाना पूर्ण शुद्धीत होते. आम्ही धावलो तोवर दुसरा. माझी सहा वर्षांची भाची समोर होती. नंतर नाना एवढंच म्हणाले, "चारशे चाळीसची लाइन अंगावर आली गं." त्यानंतर ते रात्री उजवा हात त्या उंचवट्यावर ठेवून झोपतात. झोपतात कसले, पडून असतात.

मी ज्युनिअर डॉक्टरांना विचारलं, अगदी शेवटच्या घटकेला हे असंच झालं तर? ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, "तो विषय सरांशी बोला." सर म्हणाले, "बघू पुढच्या वेळी."

तर, फक्त झटका बंद करता येतो का? बंद केला की नाना लगेच जातील का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे त्यांना हे विचारू कोणत्या तोंडाने? ज्यांनी बोट धरून शाळेत सोडलं त्यांना "तुमचं मशीन बंद करू का" म्हणायचं? आईसमोर तर "बंद" हा शब्दसुद्धा काढता येत नाही. मी पिंपळगावला एका पॅकहाउसमध्ये अकाउंट्स बघते. दिवसभर आकड्यांत डोकं घालते आणि घरी परतताना आडगाव नाका आला की हेच सुरू होतं.

---

गोदाकाठ
बुधवार, सकाळी ७.१५

ताई, रागावू नका, पण चालू मशीन आपल्या हाताने बंद करणं म्हणजे आयुष्याची दोरी कापणं. श्वास मोजून दिलेले असतात. वडिलांना रामकुंडाचं तीर्थ द्या, नामस्मरण करा, बाकी त्याच्यावर सोडा.

---

नाईटवाली सिस्टर
बुधवार, दुपारी ३.४०

जेलरोडकर ताई, मी बावीस वर्षं आयसीयूत काढली. आता सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागात घरी जाऊन पेशंट बघते. तुमचा धागा बसमध्ये वाचला आणि उतरायचा स्टॉप चुकला.

आधी तुमच्या भीतीचं. झटका बंद केला की माणूस जातो, असं नाही. बंद केल्याक्षणी नानांना काही जाणवणारसुद्धा नाही. मशीनमध्ये दोन वेगळी कामं असतात. एक झटका, म्हणजे ठोके बेफाम झाले तर. दुसरं, ठोके फार मंद झाले तर हलकेच टेकू देणं, पेसमेकरसारखं. पहिलं बंद करून दुसरं चालू ठेवता येतं आणि बहुतेक वेळा तसंच करतात. फरक इतकाच की पुढे कधी लय बिघडली तर मशीन मधे पडणार नाही. हृदय आपल्या वाटेने जाईल.

आता पंचवटीतले एक आजोबा सांगते. दोन वर्षं झाली. जाण्याच्या वाटेवर होते, घरात विष्णुसहस्रनाम चालू, सुनेने ओठावर तुळशीचं पान ठेवलेलं. श्वास लांब लांब पडत होता, चेहरा शांत. आणि झटका बसला. खाटेवरून खांदे उचलले गेले, पान उडून उशीपलीकडे पडलं. हात धरून बसलेल्या नातवाच्या बोटांना झिणझिण्या आल्या, तो हात सोडून भिंतीला टेकला (धरणाऱ्याला अपाय होत नाही, पण त्या पोराला तेव्हा कोण सांगणार). मिनिटाभरात पुन्हा. मी पाच मोजले. फोन केला तर झटका बंद करून देणारा, मशीनच्या कंपनीचा माणूस मालेगावला. माझ्याकडे मॅग्नेट नव्हतं. बावीस वर्षांची नोकरी आणि मी नुसती त्यांचे खांदे धरून उभी.

हे का होतं तर शेवटी किडन्या थकतात, रक्तात पोटॅशियम चढतं, ऑक्सिजन उतरतो, त्याने ठोके भरकटतात. मशीनला हा माणूस निघालाय हे कळत नाही. त्याला २०१७ मध्ये जे शिकवलं तेच ते करतं. छाती दाबू नका हा तुमचा सहीचा कागद त्याला वाचता येत नाही.

त्या दिवसापासून माझ्या बॅगेत मॅग्नेट असतं. मेदूवड्याएवढं, मधे भोक असलेलं, जड. एआयसीडीच्या बरोबर वर ठेवून चिकटपट्टीने बांधलं की जोवर ते तिथे आहे तोवर झटके थांबतात, टेकू चालू राहतो. काढलं की झटके परत चालू. फ्रिजवरच्या मॅग्नेटने काही होत नाही, तो प्रयोग करत बसू नका. आणि नुसता पेसमेकर असलेल्याला हे लावून उपयोग नाही, तिथे मॅग्नेटचा परिणाम वेगळा होतो. नानांच्या मशीनचं सेटिंग कसं आहे ते आधी विचारून घ्या. हा तात्पुरता उपाय आहे, रात्री-अपरात्रीसाठी. खरं काम कंपनीच्या माणसाकडे प्रोग्रामर नावाचं यंत्र असतं, त्यानेच होतं.

बोलायचं कसं? मशीनपासून सुरुवातच करू नका. गौरीच्या दिवसापासून करा. "नाना, त्या दिवशी काय वाटलं हो?" एवढं विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड असतं, आपल्याला लगेच धीर द्यायची घाई होते. देऊ नका. रात्री हात त्या मशीनवर ठेवून पडणारा माणूस त्याचाच विचार करत असतो, तुम्ही फक्त दार लोटायचं. पुढचं ते बोलतील. नाही बोलले तर तेही उत्तरच, पुन्हा चार दिवसांनी विचारा.

आईंना "झटका काढून टाकायचा, आधार तसाच राहणार" असं सांगा. हे खोटं नाही, शब्दशः खरं आहे.

---

प्रोग्रामर पाठीवर
बुधवार, रात्री १०.०५

मी तोच "कंपनीचा माणूस". कुठल्या कंपनीचा ते विचारू नका. नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार, जिथून फोन येईल तिथे.

काम म्हणाल तर दहा मिनिटांचं. प्रोग्रामर लॅपटॉपसारखा असतो. त्याचा वायरवाला भाग छातीवर कपड्यावरूनच ठेवायचा, नवीन मशीन असेल तर तेही लागत नाही. स्क्रीनवर दोन-तीन बटणं, एक कन्फर्म, आणि प्रिंटआउट. सुई नाही, कापणं नाही, दुखणं नाही. उद्या विचार बदलला तर तेवढ्याच वेळात परत चालू. हे पेशंटला जरूर सांगा, अर्धी भीती तिथेच जाते.

पण घरच्यांनी फोनवर सांगितलं म्हणून मी हात लावू शकत नाही. डॉक्टरांची लेखी ऑर्डर लागते, आणि त्यात मोघम "डिव्हाइस बंद" नको. "शॉक आणि टॅकी थेरपी बंद, पेसिंग चालू" असं स्वच्छ लिहून घ्या. पेसिंग म्हणजे सिस्टर म्हणाल्या तो टेकू. टॅकी थेरपी म्हणजे ठोके वेगाने धावले की मशीन जे जे करतं ते, त्यात झटक्याच्या आधीची जी जलद पेसिंग असते तीही येते. आणि ताई, ऑर्डरमध्ये अलार्म बंद करा हेही घाला. सकाळचं ते नऊचं वाजणं बंद करता येतं. लोक विचारत नाहीत आणि महिनोन्‌महिने ऐकत बसतात.

बॅटरीबद्दल एक गैरसमज हमखास असतो. बदलली नाही म्हणजे आपोआप बंद पडेल, मग बोलायला कशाला हवं? तसं नाही. "बदला" असा इशारा आल्यावरही साधारण तीन महिन्यांचा पुरवठा शिल्लक धरलेला असतो आणि त्या काळातही झटका पूर्ण ताकदीने बसतो. एकदा सुरू झालं की एका प्रसंगात कंपनीनुसार सहा ते आठ झटके देण्याची त्याची तयारी असते. न बदलणं आणि बंद करणं हे दोन निर्णय आहेत, दोन्ही वेगळे घ्या.

अजून एक, वाईट वाटेल पण नंतर धावपळ नको म्हणून सांगतो. दहनाआधी मशीन काढावं लागतं, आगीत बॅटरी फुटते. एआयसीडी असेल तर काढण्याआधी झटका बंद असलेला बरा, नाहीतर काढणाऱ्यालाच बसू शकतो. अमरधामला न्यायच्या आधी, घरी दाखला द्यायला जे डॉक्टर येतील त्यांना पहिल्याच वाक्यात मशीनचं सांगा.

अकरा वर्षांत झटका बंद करायला मला मोजून चारदा बोलावलं. त्यातले दोघे मी पोचलो तेव्हा गेलेले होते. मशीन काढण्यापुरतं बंद करून दिलं.

---

जुना फिजिशियन
गुरुवार, सकाळी ६.३०

निवृत्त आहे, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

गोदाकाठ, तुमची भावना समजते. पण श्वास मोजून दिलेले असतील तर ते २०१९ मध्येच संपले होते असंही म्हणावं लागेल, मधली सगळी मशीनची उधारी. उपचार सुरू करणं हा जर माणसाचा निर्णय, तर थांबवणं हाही त्याचाच. इथे जीव घेतं ते दुबळं झालेलं हृदय. अमेरिकेतल्या हार्ट ऱ्हिदम सोसायटीने २०१० मध्ये हेच स्पष्ट मांडलं, की पेशंटच्या इच्छेने हे मशीन बंद करणं ना दयामरण, ना आत्महत्येला मदत.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये त्यातली किचकट प्रक्रिया सोपी केली. आता वैद्यकीय इच्छापत्रावर (कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचं) दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. ताई, तुमच्यासाठी यातलं कामाचं असं की नाना शुद्धीत आहेत, समजतंय, बोलतात. असा माणूस स्वतः "मला हा उपचार नको" म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे. शुद्ध हरपल्यावर मात्र तीन डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ, मग तिघांचं दुय्यम मंडळ, असा फेरा सुरू होतो. म्हणून पुढच्या वेळी नको, याच आठवड्यात.

तुमच्या सरांची बाजू घेत नाही, पण आम्ही का टाळतो ते सांगतो. हे मशीन बनवणारा मिरोवस्की, त्याचे जुने वरिष्ठ ठोक्यांची लय बिघडून वारले, तिथून त्याला ही कल्पना सुचली. १९८० च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरला पहिल्या माणसात बसवलं. म्हणजे मुळातच अकाली मरण थांबवण्याची ही जिद्द. बसवताना आम्हीही त्याच जिद्दीत असतो. मी कित्येकांना बसवायला पाठवलं, आणि एक दिवस हे बंद करायची वेळ येईल असं एकालाही बोललो नाही. पुढे ते सगळे पेशंट थकत गेले आणि मी त्यांच्याशी सोडियम-पोटॅशियमवर बोलत राहिलो. सोपं पडतं ते.

अपॉइंटमेंट घेताना "फॉलोअप" म्हणू नका. "शॉक बंद करण्याबद्दल बोलायचं आहे, वीस मिनिटं हवीत" असं रिसेप्शनला लिहून द्या. टाळणं अवघड होतं.

---

जेलरोडकर
पुढच्या आठवड्यातला शनिवार, रात्री ११.२०

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

रविवारी नानांची दाढी करत होते. वाटीत कोमट पाणी, अर्ध्या गालाला साबण. सिस्टर, तुम्ही सांगितलं तसंच विचारलं, गौरीच्या दिवशी काय वाटलं होतं. नाना बराच वेळ गप्प. साबण वाळला, मी पुन्हा लावला. मग म्हणाले, "पहिल्याचं काही नाही. दुसरा येणार हे माहीत असतं ना, ते वाईट. तेव्हापासून रोज रात्री दुसऱ्याची वाट बघतो."

मी सगळं सांगितलं. झटका वेगळा, टेकू वेगळा. समजतंय की नाही अशी धाकधूक होती, तर नानाच मला समजवायला लागले. "म्हणजे आमच्या मशीनवरचं लाल बटण. दाबलं की रोलर थांबतात, हॉलमधले दिवे जात नाहीत." मग जरा रागावून, "तीन आठवडे झाले वाजतंय. विचारलं का नाहीस? मला वाटलं तुम्ही दोघं बॅटरीचे पैसे जमवताय आणि माझ्यापासून लपवताय." मी रडले, ब्लेड हातात तसंच. नाना म्हणाले, आधी दुसरा गाल कर.

भावाशी फोनवर भांडण झालं, ते अपेक्षितच होतं. "तू तिथे आहेस म्हणून तूच ठरवणार का" वगैरे. मी म्हटलं, मी नाही ठरवलं, नानांशी बोल. पंधरा मिनिटं बोलले दोघं. काय ते मला माहीत नाही. बुधवारी पहाटेच्या शिवनेरीने तो आला. बॅटरीचा विषय त्याने परत काढला नाही, पण मनातून पटलंय असंही दिसत नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती हे मला नंतर कळलं. तिने एकच विचारलं, "आणि ते वाजणं?" म्हटलं, तेही थांबेल. "मग करा," म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

डॉक्टरांना, जुन्या फिजिशियन काकांनी सांगितलेली चिठ्ठी आधीच पाठवली होती. सरांनी खरंच वीस मिनिटं दिली, आणि नानांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ऑर्डर लिहिली, शब्द प्रोग्रामर दादांनी सांगितलेलेच. गुरुवारी व्हीलचेअरवर नेलं. खरंच दहा मिनिटं. नानांनी प्रिंटआउट मागून घेतला, चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि त्या मुलाला म्हणाले, "शाई फिकी आहे तुमची." तो बिचारा सॉरी म्हणाला.

रात्री हात अजून तिथेच असतो. सवय असेल. पण परवा दोन ते पाच झोपले, हे मी घड्याळ लावून बघितलंय.

प्रिंटआउटची झेरॉक्स फ्रिजला लावलीय, अमरधामच्या वेळचं काय सांगायचं ते भावाने त्याच्या वहीत लिहून घेतलंय. ते काम त्याने आपणहून मागितलं.

सिस्टर, जेलरोडला येता का तुम्ही? नानांच्या माकडहाडापाशी कातडी लाल झालीय, बोट दाबलं तरी पांढरी होत नाही. पाण्याची गादी घ्यावी की हवेची? व्यनि (खासगी निरोप) केलाय, बघाल का.